डोक्यावरची चकती आणि माझा अंगठा

माझ्या हातून वस्तू पडतात. पाणी ओतलं की थोडं ताटात जातं, कडी लावायला गेले की बोट चिमटतं, आणि सरळ रिकाम्या रस्त्यावरही मला ठेच लागायला काहीतरी सापडतंच. आमच्या घरात याची दोन कारणं ठरलेली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की पोरीचं लक्ष नाही, आळशी आहे, हाताला वळण लावून घेत नाही. आई म्हणायची, भूकंपात माझ्या हातून पडली, डोक्याला मार बसला आणि तेव्हापासून अशी झाली.

म्हणजे दोष एक तर माझा होता, नाहीतर आईचा. मला कळायला लागल्यापासून याचा छडा लावायचा होता. अण्णांचं खरं निघालं असतं तर मी आयुष्यभर आळशी ठरले असते, आणि आईचं खरं निघालं असतं तर तिला ते ओझं मरेपर्यंत वागवावं लागलं असतं. यातलं कुठलं बरं, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. आमचं गाव औशाच्या पलीकडे, अण्णा तिथल्या शाळेत मास्तर. त्या पहाटे घर हललं, आईनं मला उचललं आणि बाहेर पळताना ती उंबऱ्याला अडखळली. मी तिच्या हातून निसटले आणि माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मागची भिंत बसली, पण आम्ही तिघंही वाचलो. पुढं कित्येक महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. आसपासच्या गावांत एवढी माणसं गेली होती की माझ्या कपाळावरच्या टेंगळाची कुणी दखल घ्यावी असं काही नव्हतंच. आईनं मात्र ते टेंगूळ मनात धरून ठेवलं. पाहुण्यांसमोर माझ्या हातून कप निसटला की ती त्यांना ती सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायची, आणि पाहुणे माझ्याकडे दयेनं बघायचे. मला त्या दयेचा फार राग यायचा.

मग अण्णांची बदली झाली आणि आम्ही लातूरला आलो. मी मोठी होत गेले तसं लातूर क्लासचं गाव होत गेलं. मुरुडची, अहमदपूरची, उदगीरची पोरं खोल्या करून राहायला लागली. ज्यांच्या माळवदावर ज्वारी वाळायची त्यांनी वर मजला चढवून त्यात लोखंडी कॉट टाकले. गल्लीत मेस निघाल्या. केस कापणारासुद्धा विचारायचा की फिजिक्समध्ये किती पडले. हुशार मुलीनं डॉक्टरच व्हायचं, याबद्दल गावात दुमत नव्हतं. मी हुशार होते, हे कुणी नाकारत नव्हतं. अडचण गोलांची होती.

प्रवेशपरीक्षेत उत्तर माहीत असून भागत नाही, त्या उत्तराचा गोल काळ्या पेनानं भरावा लागतो. आमच्या क्लासचे सर रोज सकाळी घड्याळ लावून शंभर गोल काळे करून घ्यायचे. प्रश्न नाहीत, उत्तरं नाहीत, नुसते गोल. बाकीच्या पोरी गप्पा मारत ते संपवायच्या. माझं पेन गोलाबाहेर जायचं, आणि जपून भरलं तर वेळ संपायचा. शेवटच्या पानावरची उत्तरं मला येत असायची आणि गोल कोरे राहायचे. सर म्हणायचे, सगळं पक्कं आहे, फक्त प्रॅक्टिस कमी पडते. म्हणून मी शंभराचे दीडशे केले, मग दोनशे केले. तरी नंबर लागला नाही. अण्णांनी माझी गोलांची वही उघडली, दोन पानं बघितली आणि मिटली. त्यांचं स्वतःचं अक्षर फळ्यावर छापल्यासारखं उमटायचं. ती वही त्यांनी ज्या तऱ्हेनं मिटली त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मी गणित घेतलं. गणितात सांडण्यासारखं काही नसतं. बी.एस्सी. लातूरला करून एम.एस्सी.ला नांदेडला आले आणि हॉस्टेलवर राहू लागले. तिथं एक दिवस आमच्या विभागाच्या फलकावर एक कागद लागला. संशोधनासाठी अठरा ते तीस वयाची मुलंमुली हवी होती. खाली प्रश्न होते. सायकल शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला का? भरलेला ग्लास नेताना सांडतो का? गर्दीत लोकांना तुमचा धक्का लागतो का? लिहिताना हात लवकर दुखतो का? मी तो कागद तीनदा वाचला. आमच्या घरी गुपचूप कुणी येऊन बघून गेलं की काय, असं मला वाटलं. आणि दुसरं असं वाटलं की हे प्रश्न कुणाला तरी छापावेसे वाटले, म्हणजे माझ्यासारखी आणखी माणसं असणार.

संशोधन करणाऱ्या मॅडम माझ्याहून पाच-सात वर्षांनीच मोठ्या असतील. नांदेडच्याच, बाहेर शिकून परत आलेल्या. आधी हालचालींची चाचणी आणि त्यात अडचण दिसली तर पुढे मेंदूची चाचणी, असं त्यांनी फोनवर सांगितलं. आठवडाभरानं या म्हणाल्या.

आता इथं मी जे केलं ते लातूरचं माणूसच करील. चाचणी म्हटल्यावर मी आधी पेपर कसा येतो ते शोधून काढलं. हॉस्टेलवरची एक मुलगी तिथं जाऊन आली होती. तिला मी खोलीत बसवून घेतलं, चहा पाजला आणि सगळं विचारलं. भोकांच्या पाटीत खुंट्या बसवायच्या, दोन रेघांच्या मधून पेन न्यायचं, भिंतीवर चेंडू मारून झेलायचा, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. मी बुटाच्या खोक्याला भोकं पाडली आणि खुंट्यांऐवजी काड्यापेटीतल्या काड्या घेतल्या. सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर वेळ लावून सराव केला. गच्चीवर एका पायावर उभी राहिले, तेव्हा वॉर्डनबाईंना वाटलं मी कसलं तरी व्रत धरलंय. हे सगळं करताना माझ्या मनात एकदाही आलं नाही की मी तिथं कशासाठी चालले आहे.

चाचणीच्या दिवशी मी खुंट्या भराभर बसवल्या. पेन रेघेबाहेर गेलं नाही. एका पायावर तर मॅडम थांबा म्हणेपर्यंत उभी होते. मला आतून एवढं बरं वाटत होतं म्हणून सांगू. मॅडमनी बेरीज केली, मी भरून दिलेला प्रश्नांचा कागद काढला, तो वाचला, परत बेरजेकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं की तुमच्या हालचाली सर्वसाधारण मुलींसारख्याच आहेत, या अभ्यासात तुम्हाला घेता येणार नाही. माझा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी तो कागद परत एकदा चाळला. मग त्यांनी विचारलं,

“तुम्ही लातूरच्या का?”

मी हो म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. माझ्या आधी लातूरची तिघं अशीच पास होऊन गेली होती. एकानं तर पुढच्याला द्यायला पाटीची आकृती काढून नेली होती. मी खरं काय ते सांगून टाकलं, खोक्यासकट. वाटलं, आता हाकलतील. त्यांनी उलट ती भोकांची पाटी उचलली, तिरपी करून माझ्यासमोर ठेवली आणि डाव्या हातानं खुंट्या बसवायला सांगितल्या. पाटी तीच, भोकं तीच. माझा हात भांबावला. खुंटी भोकाच्या शेजारी टेकायची, मग घरंगळून खाली. अर्ध्या खुंट्या फरशीवर गेल्या आणि त्या उचलताना माझं डोकं टेबलाला आपटलं.

मॅडम एकदम खुर्चीत पुढं सरकल्या. सरळ पाटीवर किती दिवस सराव केला, रोज किती वेळा, कितव्या दिवशी जमायला लागलं, झोपून उठल्यावर ते विसरायला व्हायचं का, असं त्या विचारत गेल्या आणि लिहीत गेल्या. माझ्या सरावात कुणाला एवढा रस असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. क्लासमध्ये सराव कमी की जास्त, एवढंच बघायचे. त्या म्हणाल्या की बाकीच्यांना जे चार वेळा करून येतं त्याला तुम्ही चाळीस वेळा घेतलेत, आणि पाटी जरा फिरवली की तुम्हाला ते परत पहिल्यापासून शिकावं लागतं. आळशी माणूस चाळीस वेळा करत नाही, असंही त्या जाता जाता म्हणाल्या. मी ते वाक्य अण्णांसाठी जपून ठेवलं.

पुढच्या चाचणीआधी एक फॉर्म होता. फिट येते का, डोक्यात कुठं धातू बसवलाय का, डोक्याला मार लागला होता का. मी इमानदारीनं लिहिलं: भूकंपात पडले होते, असं आई सांगते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मार किती होता हे कळल्याशिवाय तुमच्या डोक्याला मशीन लावता येणार नाही, आणि लहानपणीची बाकी माहितीही आईकडूनच घ्यावी लागते, असं त्यांनी सांगितलं. फोनवरही चाललं असतं.

मी निघताना जरा हिरमुसले होते, म्हणून असेल, त्यांनी मला ते मशीन दाखवलं. मला वाटलं होतं कपाटाएवढं काहीतरी असेल. ती एक जाड काळी चकती होती, आठच्या आकड्याच्या आकाराची, वायरनं एका डब्याला जोडलेली. मॅडमनी ती स्वतःच्या डोक्यावर, कानाच्या जरा वर धरली आणि पायानं खटका दाबला. गॅसच्या लायटरसारखा टक्क असा आवाज झाला आणि मांडीवर मोकळा ठेवलेला त्यांचा अंगठा टुणकन उडाला. मी दचकले. त्यांनी परत केलं, परत उडाला. चकतीतून क्षणभर वीज जाते, तिच्यामुळं चुंबकाची लहर उठते, ती कवटीतून आत जाते आणि मेंदूचा जो भाग अंगठ्याला हुकूम सोडतो तो जागा होतो, एवढं त्यांनी मला समजावलं. त्यांचा प्रश्न तर आणखी गमतीचा होता. हात हलायच्या आधी डोक्यात त्या हालचालीची तालीम होते. माझ्यासारख्यांच्या डोक्यातही ती इतरांसारखीच होते का, की तिथंच काही निराळं आहे, हे त्यांना शोधायचं होतं. हॉस्टेलवर परत जाताना रिक्षात मी सारखी माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

आईला फोन केला तर ती म्हणाली, फोनवर न्हाई, मी येते. दोन दिवसांनी ती लातूरहून पहिल्या एसटीनं नांदेडला आली. अंगावर ठेवणीतली साडी, पिशवीत धपाटे, आणि चेहरा कोर्टात साक्षीला आल्यासारखा. मॅडमच्या खोलीत तिनं खुर्चीच्या कडेवर बसून घेतलं. प्रश्न विचारायच्या आतच ती म्हणाली की माझ्या हातून पडली, तुमच्या मशीनमध्ये ते दिसत असंल तर दिसू द्या. मॅडमनी सांगितलं की मावशी, मशीनमध्ये तसलं काही दिसत नाही, तुम्हीच सांगा.

आई सगळ्या गोष्टी भूकंपाच्या आधी आणि भूकंपाच्या नंतर अशाच मोजते. बसायला कधी लागली, बोलायला कधी लागली, दात कधी आले, प्रत्येक उत्तर तिनं त्याच हिशोबानं दिलं. मॅडम न कंटाळता महिने काढत होत्या. मग पडण्याचं आलं. शुद्ध गेली होती का? नाही, लगेच रडली, लई मोठ्यानं रडली. उलटी, फिट? नाही. दवाखान्यात न्यावं लागलं? नाही, हळद लावली. मॅडमनी ते सगळं लिहिलं. फॉर्म जवळजवळ संपला होता. तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती तर स्वतःच्या पायानं चालत असेल ना, असं त्यांनी रकाना भरायचा म्हणून विचारलं.

“चालायची,” आई म्हणाली. “पण पळायला न्हाई यायचं. पायात पाय घालून पडायची. शेजारची हिच्यापेक्षा बारकी पोर आपल्या पायानं पळत भाईर आली. हिला कसं सोडू? म्हणून तर उचलली.”

मॅडमचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आवाज न चढवता, अगदी सावकाश त्यांनी विचारलं, म्हणजे ही भूकंपाच्या आधीपासूनच पडत होती?

“हाव,” आई म्हणाली. “आधीपासूनच.”

ती हे बोलली आणि मग तिनं ते स्वतः ऐकलं. पिशवीचे बंद तिनं दोन्ही हातांत घट्ट धरले. वीस वर्षं ती ही हकिगत सांगत आली होती, उंबरा आणि चौकट आणि टेंगूळ, सगळं सांगायची. मला का उचललं, एवढं मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी गणिताची विद्यार्थिनी, आधी काय आणि नंतर काय यावरच माझे मार्क ठरायचे, आणि घरातल्या एवढ्याशा गोष्टीचा क्रम मला लावता आला नव्हता. मला स्वतःचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी खिडकीकडे तोंड केलं.

“मग मी पाडलं म्हणून न्हाई?” आईनं विचारलं.

मॅडम नाही म्हणाल्या. काही मुलं पहिल्यापासूनच अशी असतात, त्यांना हालचाली शिकायला जास्त कष्ट पडतात. का, ते अजून नीट कळलेलं नाही, म्हणून तर आम्ही हा अभ्यास करून राहिलो, असं त्यांनी सांगितलं. ना तुमची चूक, ना हिचा आळस. आईनं ते परत एकदा म्हणायला लावलं. मॅडमनी परत म्हटलं.

त्यांच्या वरच्या डॉक्टरांनी माझे कागद बघून होकार दिला, आणि दुपारी माझा नंबर आला. कानातलं काढलं. कानात बोळे घातले. डोक्यावर पोहायची टोपी चढवून मॅडमनी तिच्यावर पेनानं चौकटी आखल्या. अंगठ्याच्या मुळाशी छोट्या चिकटपट्ट्या लावल्या, त्यांच्या वायरी संगणकाला. आई दाराजवळ स्टुलावर बसली होती. शॉक बसतो का, हे तिनं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तिला पुरतं पटलं नाही. मॅडम चकती एकेक चौकट सरकवत होत्या. टक्क, काही नाही. टक्क, काही नाही. मग टक्क, आणि माझा अंगठा उडाला.

दुखलं नाही. कुणी तरी डोक्यावर टिचकी मारावी तेवढंच. पण माझा अंगठा माझ्या परवानगीशिवाय हलला होता, आणि किती नेमका हलला होता! न अडखळता, न डळमळता, परत परत तसाच. मी तेवीस वर्षं या हाताशी भांडत होते, आणि तो एका टक्कनं ऐकत होता. मला हसू आवरेना, आणि मॅडम म्हणाल्या हलू नका, पडद्यावरची रेघ बिघडते. मग त्यांनी मला अंगठा न हलवता, फक्त हलवतेय असं मनात आणायला सांगितलं. हे भलतंच अवघड निघालं. मनातसुद्धा माझा अंगठा जरा वाकडाच चालला होता. पडद्यावर प्रत्येक टक्कबरोबर एक डोंगर उठायचा, कधी बुटका, कधी उंच. माझे डोंगर बाकीच्यांपेक्षा लहान आहेत का मोठे, असं मी विचारलं. माहीत नाही, मॅडम म्हणाल्या. एकट्याच्या डोंगरावरून काही सांगता येत नाही, पुष्कळ जणांचे जमवावे लागतात, आणि तेव्हाही काय निघेल ते मला माहीत नाही. लातूरला मी इतक्या सरांकडे शिकले, पण माहीत नाही असं कुणी एवढ्या आनंदानं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तिथून उठावंसंच वाटेना.

बाहेर आलो तेव्हा आई एकदम दमली होती. आवारातल्या कॅन्टीनपाशी झाडाखाली तिला बसवलं आणि मी दोन चहा आणायला गेले. काचेचे ग्लास, काठोकाठ भरलेले. पोहोचता पोहोचता माझा पाय फरशीच्या कडेला लागला आणि एक ग्लास अर्धा आईच्या ठेवणीतल्या साडीवर गेला.

अशा वेळी आई काय करते ते मला पाठ होतं. ती कधी चिडत नसे. कुणी काही बोलायच्या आत ती पदरानं पुसायला लागायची आणि असू दे, असू दे म्हणत माझ्याकडे न बघता दुसरीकडेच बघायची. शेजारणींच्या पोरींना त्यांच्या आया बोलायच्या, पाठीत धपाटा घालायच्या, मला तेही कधी मिळालं नाही. मी तिथं ग्लास धरून उभी राहिले. आईनं साडीवरचा डाग बघितला. मग मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं.

“बघून चाल की गं जरा,” ती म्हणाली. “लई येंधळी हायस तू. नवी साडी हाय ही.”

तेविसाव्या वर्षी मी आईची बोलणी पहिल्यांदा खाल्ली, आणि मला ती फार आवडली.